कोकणातल्या मासेमारीच्या गावात पहिल्यांदा जाताना: आधी तिथी बघा

कोकण किनाऱ्यावरच्या मासेमारीच्या गावात सकाळी दहाला पोचलेल्या पाहुण्याला बहुतेक वेळा वाळत घातलेली जाळी, सावलीला आडवी झालेली माणसं आणि पुष्कळ मांजरं दिसतात. गाव सुस्त आहे असं समजून तो किल्ला बघायला निघून जातो. त्या गावाचा दिवस एक तर तो येण्याआधीच उरकलेला असतो, नाहीतर अजून चार तासांनी सुरू व्हायचा असतो. इथलं काम पाण्यावर चालतं आणि भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. "होड्या कधी येणार?" या प्रश्नाला "पाण्यावर आहे" असं उत्तर मिळालं, तर ती टाळाटाळ नसते. तेच नेमकं उत्तर असतं, फक्त ते वाचता यायला हवं.

१. आधी जाळं ठरवा, मग गाव

महाराष्ट्राचा किनारा नव्या मोजणीनुसार सुमारे ८७८ किलोमीटरचा. तो सगळा सारखा नाही, आणि "कोळीवाडा बघायचाय" एवढं ठरवून निघालं तर हाती फारसं लागत नाही. तुम्हाला कोणतं काम बघायचंय त्यावरून गाव निवडा.

पालघर, मुंबई आणि रायगडच्या पट्ट्यात पाण्याला ओढ जबरदस्त. उधाणाच्या भरतीला पाणी चार-पाच मीटर चढतं. म्हणून इथलं खास जाळं म्हणजे डोल: नरसाळ्यासारखी लांब पिशवी, तोंड प्रवाहाकडे, खुंटांना नाहीतर नांगरांना बांधलेली. ती कोणी ओढत नाही. पाणीच तिचं तोंड उघडतं आणि पाणीच मासळी आत घालतं. बोंबील, जवळा, करंदी, मांदेली ही डोलीची मासळी. बोंबील वाळवण्याच्या वलांडी, म्हणजे दोरी-बांबूच्या चौकटी बघायच्या असतील तर अर्नाळा, उत्तन, वर्सोवा या बाजूला जा. सातपाटीची ओळख वेगळी, ते पापलेटचं गाव. (पापलेट २०२३ पासून राज्यमासा आहे.)

मधल्या पट्ट्यात मोठा लिलाव बघायचा तर दापोली तालुक्यातलं हर्णै. नौका बाहेर सुवर्णदुर्गाच्या बाजूला उभ्या राहतात, मासळी लहान होड्यांनी आणि पाण्यात उतरलेल्या बैलगाड्यांनी काठावर आणायची तिथली जुनी पद्धत. रत्नागिरीचं मिरकरवाडा हे मोठं यांत्रिकी बंदर आहे. तिथे गर्दी, बर्फ, डिझेल आणि ट्रक. निवांत गाव शोधणाऱ्याने तिकडे जाऊ नये, पण धंद्याचा आवाका कळायचा असेल तर तासभर तरी उभं राहावं.

सिंधुदुर्गात वाळूचे लांब किनारे आणि उधाणालाही जेमतेम दोन-अडीच मीटर चढणारं पाणी. इथे रापण चालते: काठावरून माणसांनी ओढायचं जाळं. आचरा, मालवण, तारकर्ली, देवबाग, वेंगुर्ला. नवख्या माणसाला सगळ्यात जास्त समजणारी आणि सगळ्यात जवळून दिसणारी मासेमारी हीच, कारण सगळं काम तुमच्यासमोर वाळूत होतं.

एक लक्षात असू द्या. किनाऱ्यावरचा प्रत्येक मच्छीमार कोळी नसतो. पालघरकडे मांगेला आणि वैती आहेत, रत्नागिरीत खारवी, भोई आणि दालदी, सिंधुदुर्गात गाबीत. वसई-उत्तनकडे ख्रिस्ती कोळी आहेत. मोठ्या नौकांवरचे खलाशी तर आता पुष्कळदा नेपाळहून आलेले असतात. भेटेल त्याला "तुम्ही कोळी ना?" म्हणून सुरुवात करू नका. "गाव कुठलं तुमचं?" हा प्रश्न कुठेही चालतो.

२. महिना आणि वार

१ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिकी नौकांना समुद्रात मासेमारी बंद असते. हा माशांच्या विणीचा काळ आणि समुद्रही खवळलेला. या दिवसांत नौका काठावर ओढलेल्या, झापांनी किंवा ताडपत्रीने झाकलेल्या असतात. बिगरयांत्रिकी लहान होड्या खाडीत चालतात, पण बंदरावरचा लिलाव बघायला मिळणार नाही. हॉटेलात तेव्हा मिळणारं पापलेट बर्फातलं असतं हेही समजून घ्या.

बंदी १ ऑगस्टला उठते. तरी कित्येक गावं नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिल्याशिवाय जोरात सुरुवात करत नाहीत. त्या दिवशी गावात जायला हरकत नाही, मिरवणूक बघण्यासारखी असते. मासळी मात्र मिळणार नाही. शिमग्याचंही तसंच: नौका सजवून काठावर आलेल्या असतात, माणसं घरी असतात, काम बंद. पाहुण्याला सण बघायचाय की काम, हे त्याने आधीच ठरवावं. दोन्ही एका फेरीत साधत नाही.

सगळ्यात चांगले महिने ऑक्टोबर ते फेब्रुवारी. हवा कोरडी, वाळवण चालू, समुद्र शांत. मार्च ते मे मध्ये मासेमारी चालते, पण ऊन फार आणि गावात प्यायच्या पाण्याची ओढाताण. एप्रिल-मेमध्ये घरगुती निवासात उतरलात तर अंघोळीला एक बादली पुरवा.

वारही बघा. सोमवार, गुरुवार, शनिवार, संकष्टी, एकादशी या दिवशी बरीच घरं मासळी खात नाहीत, त्यामुळे गिऱ्हाईक कमी आणि भाव नरम. रविवार, बुधवार, शुक्रवार भाव चढे. निवांत बघायचं आणि स्वस्तात घ्यायचं तर सोमवार उत्तम, फक्त ज्या घरी उतरलात त्यांच्या चुलीवर त्या दिवशी मासळी चढते का, हे आधी विचारून घ्या. न विचारता सकाळी सुरमई घेऊन दारात उभं राहणं ही नेहमी होणारी चूक आहे.

३. भरतीचा हिशेब

हा भाग शांतपणे वाचा, कारण बाकी सगळं यावर बसतं.

कॅलेंडरवर त्या दिवशीची तिथी बघा. शुक्ल असो वा कृष्ण, प्रतिपदा म्हणजे १ आणि पौर्णिमा किंवा अमावास्या म्हणजे १५. त्या आकड्याला तीनने गुणा आणि चारने भागा. येतं ते पूर्ण भरतीचं घड्याळ, दिवसाचं आणि रात्रीचं साधारण एकच. चतुर्थी असेल तर ४ × ३ ÷ ४ = ३, म्हणजे पहाटे तीन आणि दुपारी तीनच्या सुमारास. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. भरतीनंतर सहा-सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी.

हा पाऊणपटीचा ठोकताळा किनाऱ्यावर सगळीकडे चालतो, पण तो ठोकताळाच आहे. सिंधुदुर्गाकडे पौर्णिमा-अमावास्येला तो बराचसा जुळतो. मुंबई-पालघरकडे त्याच तिथीला प्रत्यक्ष भरती अर्धा-पाऊण तास उशिरा येते. पाण्यात उतरायचं असेल तर छापील भरतीचं वेळापत्रक किंवा मोबाईलवरचं बघा. गावात कधी जायचं हे ठरवायला तिथी पुरते.

आता त्याहून महत्त्वाची गोष्ट. पौर्णिमा-अमावास्या आणि त्यानंतरचे दोन-तीन दिवस म्हणजे उधाण: पाणी खूप चढतं, खूप उतरतं, ओढ जोराची. अष्टमीच्या आसपासचे दिवस म्हणजे भांग: पाणी थोडं चढतं, थोडं उतरतं, ओढ मंद. डोलीच्या गावात उधाणाला काम जोरात. पाण्याला जोर असला तरच डोलीचं तोंड नीट उघडतं. भांगाला मासळी कमी, मग जाळी दुरुस्त करणं, नौका घासणं, नातेवाइकांकडे जाणं. म्हणजे मासळीचा ढीग बघायचा तर बीज-तीज गाठा. माणसांशी बोलायचं, जाळं विणताना बघायचं, चहाला बोलावणं यावं असं वाटत असेल तर नवमी-दशमी गाठा. उधाणाच्या दिवशी कोणाला "जरा समजावून सांगा ना" म्हणाल तर तो तुमच्याशी तुटक बोलेल, आणि त्यात त्याची चूक नाही.

खाडीच्या तोंडाशी असलेल्या बंदरात आणखी एक अडचण असते. तोंडावर वाळू आणि गाळ साचतो, त्यामुळे भरलेल्या नौका ओहोटीत आत येऊ शकत नाहीत. त्या बाहेर थांबतात आणि पाणी चढलं की एकामागून एक आत शिरतात. अशा गावात भरतीच्या दीड-दोन तास आधी काठावर जाऊन उभं राहा. उलट हर्णैसारख्या उघड्या बंदरात नौका बाहेरच नांगरतात, त्यामुळे लिलावाची वेळ व्यापाऱ्यांवर असते: एक सकाळी, एक दुपार कलल्यावर, साधारण चार-पाचच्या सुमारास. डोलकर मात्र भरती किंवा ओहोटी थांबून पाणी उभं राहतं त्या थोड्या वेळात जाळं उचलतात. त्यांचं निघणं-येणं रोज पुढे सरकतं, म्हणून "काल सहाला आले होते" यावर आज विसंबू नका.

रात्री तरती जाळी सोडणाऱ्यांचं गणित निराळं. चांदण्यात जाळं माशाला दिसतं, म्हणून काळोख्या रात्री त्यांना बऱ्या वाटतात.

४. आदल्या संध्याकाळी

दिवस मावळायच्या आत गावात पोचा. अंधारात मच्छीमार गावाच्या गल्लीत गाडी घालणं म्हणजे दोन्ही बाजूंना टांगलेल्या जाळ्यांची परीक्षा. गाडी रस्त्यालगत, बर्फाच्या ट्रकला वाट राहील अशी लावा. रिकामी दिसणारी सपाट जागा पार्किंग समजू नका. ते बहुतेक वेळा वाळवणाचं खळं असतं, आणि टायरचं ऑइल लागलेल्या जागेवर जवळा पसरता येत नाही.

घरमालकाला तीन गोष्टी विचारा: उद्या पाणी किती वाजता, आपल्या बाजूच्या होड्या कुठे लागतात, आणि कोणाशी बोलू. तिसरा प्रश्न महत्त्वाचा. एका माणसाची ओळख घेऊन गेलेला पाहुणा आणि कॅमेरा लटकवून आलेला पाहुणा यांना बंदरावर वेगवेगळी वागणूक मिळते.

जेवण रात्रीच सांगून ठेवा. घरगुती खाणावळीत माणसं मोजून मासळी घेतात, ऐनवेळी दोन ताटं वाढवता येत नाहीत. आणि "कोणते मासे आहेत?" असं आदल्या दिवशी विचारू नका. ते अजून समुद्रात आहेत.

बरोबर रबरी चप्पल किंवा पट्ट्याचे सँडल, विजेरी, सुटे पैसे, ओळखपत्र. बूट नकोत: मासळीच्या पाण्यात भिजले की वास आठवडाभर जात नाही. मोबाईलवरून पैसे देता येतात, पण बंदराच्या टोकाला रेंज दगा देते.

५. काठावर वागायचं कसं

होडी लागताना तुमचं काम एकच: वाटेत न येणं. पाटी डोक्यावर घेऊन येणाऱ्या बाईला खाली बघता येत नाही आणि थांबताही येत नाही. ती ज्या रेषेत चालते ती रेषा मोकळी सोडा. दोराच्या वेटोळ्यात पाय ठेवू नका. ताणलेल्या दोराला पाठ करू नका, तो सुटला तर फटका बसतो.

पसरलेलं जाळं ओलांडू नका, वळसा घाला. यात मान देण्याचा भाग आहेच, पण व्यवहारही आहे: चपलेत अडकलेला एक धागा ओढला गेला तर कोणाची तरी अख्खी दुपार जाते. होडीत चढायला बोलावलं तर चपला काढून चढा. नाळेची, म्हणजे पुढच्या टोकाची पूजा होते, तिच्यावर पाय ठेवून फोटो काढून घेणं गावाला आवडत नाही, कोणी तोंडावर बोललं नाही तरी.

बोलावताना मावशी, काकी, दादा, काका. गिऱ्हाइकं सवयीने "ए कोळणी" अशी हाक मारतात, ती टाळा. होडीच्या मालकाला उत्तरेकडे नाखवा म्हणतात, नौका चालवणारा तो तांडेल. दोघं एकच माणूस असेल असं नाही. पैशाचं बोलायचं असेल तर शक्यतो घरातल्या बाईशी बोला. पकडायचं काम पुरुषांचं, विकायचं काम तिचं, आणि हिशेब तिच्या बटव्यात असतो. नवऱ्याने सांगितलेला भाव ती मान्य करीलच असं नाही.

फोटो विचारून काढा. मासळी कापणाऱ्या बाईचा जवळून फोटो काढण्याआधी तिच्याकडून काहीतरी घेतलेलं असलं तर होकार सहज येतो. ड्रोन उडवायचा तर आधी सागरी पोलीस ठाण्यात विचारा. किनाऱ्यावर २००८ नंतर सुरक्षा कडक झालेली आहे आणि अनोळखी ड्रोनची खबर गावकरीच देतात.

त्याच कारणाने "आम्हाला मासेमारीला घेऊन चला" असा आग्रह धरू नका. खलाशांची ओळखपत्रं असतात, नौकेवर कोण आहे याची नोंद लागते, आणि परका माणूस सापडला तर त्रास नाखव्याला. पाण्यात फेरी मारायचीच तर परवाना असलेल्या पर्यटक होडीने, जीवरक्षक जाकीट घालून.

पर्ससीन (मासळीचा थवा वेढून तळाशी आवळायचं मोठं जाळं) आणि एलईडी दिव्यांची मासेमारी हा विषय पारंपरिक मच्छीमारांच्या दुखऱ्या नसेचा. १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा आहे, त्यात २०२१ मध्ये दंड वाढवला गेला, तरी किनाऱ्यावर भांडणं होत राहतात. समोरच्याने विषय काढला तर ऐका. तुम्ही काढू नका, कारण पलीकडच्या ओट्यावर बसलेला त्याचा चुलत भाऊ कदाचित पर्ससीनवर कामाला असतो.

६. लिलाव

मासळीचे ढीग किंवा टब मांडले जातात, पुकारणारा आकडा टाकतो, व्यापारी मान हलवून किंवा बोट दाखवून चढवतात. एक ढीग मिनिटभरात जातो. आकडा ढिगाचा आहे, टबचा की किलोचा हे बंदरानुसार बदलतं, म्हणून पहिले चार-पाच लिलाव फक्त ऐका. गोलाच्या बाहेर, पुकारणाऱ्याच्या पाठीमागे उभं राहा. समोर उभं राहून हात वर करून फोटो काढाल तर गोंधळ होईल.

दोन किलो मासळीसाठी लिलावात उतरू नका. अख्खा टब गळ्यात पडेल. तुमच्यासारख्यांसाठी सोय बाजूलाच असते: लिलावात टब घेऊन तिथेच वाटे लावून बसलेल्या बायका. अर्धा तास थांबा, त्या बसल्या की जा.

७. मासळी घेताना

लहान मासळी वाट्यावर मिळते, किलोवर नाही. बोंबील, मांदेली, करंदी यांचे वाटे लागलेले असतात. बांगडे, पापलेट, चिंबोऱ्या नगावर, सुरमई-रावस वजनावर. मांदेलीचा "किलोचा भाव" विचारलात की तुम्ही नवे आहात हे समोरच्या माणसाला कळतं आणि भाव तसाच सांगितला जातो. एकदा घासाघीस करा, दुसऱ्यांदा नको. त्याऐवजी "मावशी, वाट्यावर दोन टाका" म्हणा, तेवढं मिळतं.

नावंही बदलतात. उत्तरेची चिंबोरी मालवणात कुर्ली, कोळंबी तिथे सुंगट, सुरमईला इसवण, मुशीला मोरी. उलटसुलट विचारलं तरी देतात, पण हसून देतात.

ताजेपणा असा बघा. डोळा फुगीर आणि स्वच्छ, कल्ला लाल, बोटाने दाबलेलं मांस परत वर येतं. पापलेटचं कल्ल्यापाशी दाबून बघतात: पांढरट पाणी आलं तर ताजं, लालसर आलं तर शिळं. बोंबील गुलाबीसर, चकचकीत असावा. त्याच्यात पाणी फार, त्यामुळे सकाळी घेतलेला बर्फाशिवाय दुपारपर्यंत टिकत नाही. तिसऱ्या मिटलेल्या असाव्यात किंवा ठोकल्यावर मिटाव्यात. उघड्या राहिलेल्या टाकून द्या. चिंबोरी हातात जड लागली पाहिजे. अमावास्येकडची भरलेली आणि पौर्णिमेकडची पोकळ असं किनाऱ्यावर मानतात, तरी तिथीपेक्षा हातावर भरवसा ठेवा.

बांगडा, सुरमई, कुपा हे मासे उन्हात राहिले तर त्यांच्यात असं द्रव्य तयार होतं जे शिजवूनही जात नाही. खाल्ल्यावर चेहरा लाल होतो, डोकं दुखतं, अंगावर पित्त उठतं. लोक म्हणतात "मसाला बाधला". मसाल्याचा त्यात काही दोष नसतो, दोष गाडीच्या डिकीत बर्फाशिवाय काढलेल्या तीन तासांचा असतो.

तळहाताएवढंही नसलेलं पापलेट स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. ते एकदाही न विलेलं पिल्लू असतं. राज्याने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवला तो याचसाठी.

साफ करून देण्याचे पैसे वेगळे असतात, आधी विचारा. डोकी टाकू देऊ नका, कालवणाची चव तिथेच आहे.

८. दुपार

लिलाव संपला की गाव जेवतं आणि झोपतं. बारा ते तीन कोणाचं दार वाजवू नका. पहाटे दोनला उठलेल्या माणसाची ती रात्र आहे.

तीननंतर जाळी निघतात. पायाच्या अंगठ्यात जाळं ताणून धरायचं आणि सुईसारख्या फळीने फाटकं विणायचं, हे काम बघायला बसलात तर कोणी उठवत नाही. बोलणंही इथेच होतं. वलांडीवर बोंबील कसे लावतात ते नीट बघा: दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून दोरीवर किंवा बांबूवर टाकलेले, एक अलीकडे लोंबतो, एक पलीकडे. गाठ नाही, काटा नाही. चांगलं ऊन आणि वारा असला तर काही दिवसांत कडक वाळतात. मध्येच अवकाळी पाऊस आला तर अख्खा माल कुजतो, म्हणून नोव्हेंबरात ढग दिसले की गावातला कोणीही तुमच्याशी गप्पा मारणार नाही. तेव्हा पाटी उचलायला हात लावा, बोलणं नंतर.

९. रापण ओढायला हात लावायचा तर

होडी जाळं घेऊन काठापासून आत जाते, अर्धवर्तुळ टाकत पुढे जाऊन पुन्हा काठाला येते. जाळ्याची दोन टोकं, दोन दोर, दोन रांगा. दोन्ही रांगा हळूहळू एकमेकांकडे सरकत ओढत येतात. तासाभराचं काम कधीच नसतं, दोन तास धरा.

आधी विचारा, मग दोर धरा. रांगेच्या शेवटी, पाण्यापासून लांब उभं राहा. हाताने नाही, अंगाच्या वजनाने मागे जात ओढायचं. अंगठी काढून ठेवा. दोर हाताला किंवा कमरेला गुंडाळू नका, लाट मागे गेली की जाळं उलटं खेचतं. दोन्ही बाजू सारख्या यायला हव्यात. एक रांग जोशात पुढे गेली तर जाळं तिरकं होतं, खालची कड वाळूवरून उचलली जाते आणि मासळी खालून निघून जाते. म्हणून आरोळी ऐका आणि तिच्याच तालात ओढा. जास्त जोर लावणारा पाहुणा हा कमी जोर लावणाऱ्यापेक्षा जास्त नुकसान करतो.

मासळीचे वाटे होतात: जाळ्याचा, होडीचा, माणसांचे. हात लावलेल्याला मूठभर मिळते, पण ती मागायची नसते. कधी दोन तासांनंतर जाळ्यात पेडव्यांच्या चार मुठी आणि बाकी प्लॅस्टिक असतं. त्या वेळी विनोद करू नका.

१०. अंगाशी येणाऱ्या गोष्टी

वाळूत पडलेल्या पाकटाच्या शेपटीला काटा असतो, शिंगाळ्याच्या कल्ल्यांमागे आणि पाठीवर. मेलेला असला तरी टोचतो. टोचलाच तर तो भाग सोसेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा, वेदना त्याने उतरते. मग दवाखाना, काट्याचा तुकडा आत राहिलाय का आणि धनुर्वाताचं इंजेक्शन. उथळ पाण्यात चालताना पाय उचलून टाकू नका, घसटत चाला. पाकट बाजूला होतो.

खाडीच्या तोंडाशी पोहू नका, विशेषतः ओहोटी लागल्यावर. देवबागसारख्या ठिकाणी पाणी शांत दिसतं आणि आत ओढ असते. ओढीत सापडलात तर काठाकडे नाही, काठाला समांतर पोहा.

अलिबागच्या कुलाबा किल्ल्यासारख्या जागी ओहोटीत चालत जाणाऱ्यांची एक ठरलेली चूक आहे. अष्टमीला भरती सहाला, म्हणजे ओहोटी दुपारी बाराला, वेळ छान, असा हिशेब करून ते निघतात. पण अष्टमीला भांग असतो, पाणी पुरतं उतरतच नाही आणि वाट गुडघाभर पाण्यात राहते. उधाणाच्या ओहोटीला वाट कोरडी होते, मात्र पाणी परत फिरतं तेव्हा झपाट्याने फिरतं. पूर्ण ओहोटीच्या आधी तासभर निघा आणि ओहोटीनंतर तासाच्या आत काठावर या.

सागरी पोलिसांचा क्रमांक १०९३, तटरक्षक दलाचा १५५४, बाकी कशासाठीही ११२. होडी उलटलेली दिसली तर पाण्यात उडी मारण्याआधी आरडाओरडा करा, काठावर तुमच्यापेक्षा चांगले पोहणारे पन्नासजण असतात.

११. घरी नेताना

ताजी मासळी सहा-सात तासांच्या प्रवासाला न्यायची तर थर्माकोलचा डबा आणि किलोला किलो फोडलेला बर्फ, एप्रिल-मेमध्ये तर नक्कीच. बर्फ बंदराजवळच्या बर्फाच्या कारखान्यात मिळतो. तळाला बर्फ, मग मासळी, वर बर्फ, पुन्हा मासळी, सगळ्यात वर बर्फच. डब्याच्या तळाला एक लहान भोक पाडा आणि खाली ट्रे ठेवा. वितळलेल्या पाण्यात बुडून राहिलेली मासळी उन्हात ठेवलेलीपेक्षा थोडीच बरी. पोट आणि कल्ले काढूनच भरा, तुकडे मात्र घरी करा.

सुकी मासळी घ्यायची ती मेच्या अखेरीआधी. बोंबील मोडताना कट्‌ आवाज आला पाहिजे. वाकला तर आत ओल आहे आणि पावसाळ्यात बुरशी धरेल. सोडे फार लाल, एकसारख्या रंगाचे असतील तर सोडून द्या. जवळा मुठीत घेऊन सोडा, तळहाताला वाळू चिकटली तर तो नुसत्या जमिनीवर वाळवलेला आहे. सगळं आधी वर्तमानपत्रात, मग प्लॅस्टिकमध्ये, मग घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. एसटीने जाणार असाल तर डबा पायाशी ठेवा, वरच्या फळीवर नको. घाटात झाकण उघडलं तर कंडक्टरपासून शेवटच्या सीटपर्यंत सगळ्यांना कळतं की बस कुठल्या बंदरावरून आली.